बालेवाडीतलं एक बंदिस्त संकुल: रोज बाहेरून आत येणाऱ्या फिजिओचा रिव्ह्यू

मी घरोघरी जाऊन व्यायाम करून घेणारी फिजिओथेरपिस्ट. कुणाचा गुडघा बदललेला, कुणाचं खुब्याचं हाड मोडलेलं, कुणाची अर्धांगवायूनंतर एक बाजू लुळी पडलेली. त्यांना दवाखान्यात नेणं-आणणं घरच्यांना झेपत नाही, म्हणून मी स्कूटर काढते. पूर्वी माझे बरेचसे पेशंट पुण्याच्या पेठांमध्ये होते. मग एकेक जण मुलांकडे बाणेर-बालेवाडीला राहायला गेला आणि माझी स्कूटर गेटांसमोर उभी राहायला लागली.

अशा संकुलांचे रिव्ह्यू पुष्कळ सापडतात. क्लबहाऊस कसं आहे, तलावाचं पाणी स्वच्छ असतं का, दुसऱ्या गाडीला पार्किंग मिळतं का. सगळे आत राहणाऱ्यांनी लिहिलेले. कामासाठी बाहेरून येणाऱ्यांचा एकही माझ्या वाचनात आला नाही. संकुलाच्या गेटवर ये-जा नोंदवणाऱ्या अ‍ॅपवर मात्र माझा रिव्ह्यू आहे. नाव, फोटो, कुठल्या कुठल्या फ्लॅटमध्ये जाते आणि पाचपैकी किती तारे. ‘वेळेवर येतात’ असा शेरासुद्धा कुणीतरी दिलाय. तेव्हा आता माझी पाळी.

संकुलाचं नाव लिहीत नाही. पेशंट तिथले आहेत, आणि शेजारची संकुलंही याच साच्यातली आहेत. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेल्या बालेवाडीच्या स्टेडियमवरून पुढे गेलं की जे उंच टॉवर दिसतात, त्यांतलं एक. एवढं पुरे.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. प्रत्येक टॉवरच्या दाराशी रॅम्प आहे आणि तो नावापुरता नाही. एक फूट चढायला बारा फूट लांबी हवी, हा हिशोब कुणीतरी पाळलाय. व्हीलचेअर ढकलताना माझ्या मनगटाला ते लगेच कळतं. लिफ्टचं दार रुंद आहे, वॉकरसकट आजी आत जाऊन वळू शकतात. चालायला टॉवरांभोवती सपाट, न घसरणारी वाट आहे. कडेला दिवे, मध्ये गाड्या नाहीत, कुत्रं अंगावर येत नाही. सदाशिव पेठेत माझे एक पेशंट तिसऱ्या मजल्यावर राहायचे. जिना असा अरुंद आणि उभा की दोराला धरून चढायचं. खुब्याच्या ऑपरेशननंतर ते कित्येक महिने खाली उतरलेच नाहीत. या संकुलातल्या आजोबांना टाके निघाल्यानंतर थोड्याच दिवसांत मी खाली आणलं. पुण्यात फूटपाथवर वॉकर घेऊन चालून दाखवा म्हणावं कुणीतरी. दर दहा पावलांवर विजेची डीपी, झाडाचं आळं, नाहीतर चढवलेली दुचाकी. तेव्हा आत राहायला गेलेल्यांना नावं ठेवायला मला जीभ रेटत नाही.

आता गेट. गाडी बाजूला लावायची, हेल्मेट काढायचं, कॅमेऱ्याकडे बघायचं. नाव, मोबाईल, फ्लॅट नंबर. मग गार्ड अ‍ॅपवरून परवानगी मागतो आणि आतून कुणीतरी ‘हो’ दाबायचं. साधी गोष्ट. पण अ‍ॅप कुणाच्या फोनवर असतं? माझ्या या पेशंट आजोबांकडे बटणांचा फोन आहे. फ्लॅट मुलाच्या नावावर, अ‍ॅप मुलाच्या मोबाईलवर आणि मुलगा न्यू जर्सीत. माझी वेळ संध्याकाळी सातची, तेव्हा उन्हाळ्यात तिकडे सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात. म्हणजे मी बालेवाडीत आत जायचं की नाही हे न्यू जर्सीतल्या एका मीटिंगमध्ये ठरतं. त्याचा फोन सायलेंटवर असला की मी गेटवर उभी, आणि आजोबा वर बाल्कनीत मला बघत उभे. हात हलवतात. गार्डलाही दिसतं. पण गार्डच्या यंत्राला आजोबांचा हात दिसत नाही.

पुढे मला कायमची नोंद करून मिळाली. ती करताना कळलं की अ‍ॅपमध्ये माणसांचे कप्पे ठरलेले आहेत: पाहुणे, डिलिव्हरी, कॅब आणि ‘डेली हेल्प’. मी पाहुणी नाही, पार्सल तर नाहीच. मग डेली हेल्प. तिथे माझ्या वर गाड्या पुसणारे एक दादा आहेत आणि खाली पोळ्या करणाऱ्या मावशी. याचा राग नाही. तिघंही आपल्या कामाला वक्तशीर आहोत. पण एक बघा. दहा मिनिटांत दूध-ब्रेड आणणारा मुलगा बूम बॅरिअरपाशी थांबतो न थांबतो तोच आत. त्याच्या कंपनीला आधीच मंजुरी आहे. आजोबांची सख्खी बहीण कोथरूडहून रिक्षानं आली, तर रिक्षा गेटबाहेर सोडायची आणि शेवटच्या टॉवरपर्यंत चालत जायचं. बहीणही त्र्याहत्तरची. त्या आता येत नाहीत, फोन करतात. म्हणून या गेटला मी दोन वेगळे गुण देते. वस्तू आत येण्यासाठी पाच तारे, माणूस आत येण्यासाठी दोन.

फोटोचंही सांगून टाकते. माझा चेहरा, नंबर आणि येण्याजाण्याच्या वेळा किती दिवस ठेवता, असं मी विचारलं. गार्ड म्हणाला सुपरवायझरला विचारा, सुपरवायझर म्हणाला ऑफिसला, ऑफिस म्हणालं अ‍ॅपवाल्यांना. २०२३ मध्ये देशात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झालाय. माहिती कशासाठी घेताय ते सांगून संमती घ्यावी असं त्यात आहे. गेटवर त्याचा वारा अजून पोचलेला नाही.

गार्डांबद्दल. मुख्य गेटवर दिवसपाळीला जे दादा असतात ते लातूरकडचे. बारा तासांची ड्यूटी. त्यांचा उजवा गुडघा आतल्या बाजूनं झिजलाय, हे मला त्यांच्या उभं राहण्यावरूनच कळलं. ते वजन कायम डाव्या पायावर टाकतात. खुर्ची का नाही, विचारलं.

“मॅडम, गार्ड बसलेला दिसला की आत राहणारे फोटो काढून ग्रुपवर टाकतात.”

मांडीचे स्नायू ताठ करून दहा आकडे मोजायचा व्यायाम मी त्यांना तिथेच शिकवला. उभ्यानं होतो, कुणाच्या फोटोत दिसत नाही. खासगी सुरक्षारक्षकांच्या नोकरीसाठी आणि कल्याणासाठी महाराष्ट्रानं १९८१ सालीच कायदा केला, मंडळं नेमली. पण खुर्चीचा प्रश्न शेवटी कमिटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच अडतो.

मागच्या गेटाची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. संकुलाला मागच्या बाजूला एक छोटं गेट आहे. त्याच्यासमोर बसचा थांबा आणि तिथून गावठाण चालत जवळ. स्वयंपाकाच्या, धुण्याभांड्याच्या बायका बहुतेक त्या बाजूनं येतात. गेटला कुलूप. कारण विचारलं तर ‘सिक्युरिटी’. दोन गेटांवर दोन पाळ्यांचे गार्ड ठेवायचे तर मेंटेनन्स वाढतो, हे खरं कारण. मेंटेनन्स महिना ७,५०० रुपयांच्या पुढे गेला की एवढ्या मोठ्या सोसायटीत त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणून कमिटी त्या आकड्याच्या अलीकडे राहायला धडपडत असते. पैसे वाचतात आत राहणाऱ्यांचे. त्याची किंमत बायका पायांनी चुकवतात: भिंतीला धरून अख्खा वळसा, सकाळी येताना एकदा, दुपारी जाताना एकदा. पोळीवाल्या मावशींची टाच दुखते म्हणून त्यांनी मला विचारलं. मी चप्पल बदलायला सांगितली, तळपायाखाली बाटली फिरवायला सांगितली. कुलूप काढा असं लिहून देण्याची सोय माझ्या प्रिस्क्रिप्शनमध्ये नाही.

जाताना पिशवी दाखवायची. कुणी जुना कुकर, साडी दिली असेल तर अ‍ॅपवर त्या घरानं ‘वस्तू बाहेर’ अशी नोंद करायची. नोंद राहिली तर बाई गेटवर थांबणार आणि फ्लॅटला फोन जाणार. मी बॅगेत रबरी पट्टे, वजनं, मसाजचं तेल घेऊन फिरते. माझी बॅग कधी कुणी उघडली नाही. आम्ही दोघी अ‍ॅपच्या एकाच कप्प्यात आहोत. तरी नाही.

आता भिंतीबाहेर येऊ. संकुलाच्या समोरचा रस्ता रुंद, डांबर गुळगुळीत. दोन्ही बाजूंना भिंती, भिंतींवर तारा, तारांखाली कॅमेरे. कॅमेऱ्यांची तोंडं आत. मुख्य गेटाला लागून चार दुकानं: सुपरमार्केट, सलून, दातांचा दवाखाना आणि मोबाईलच्या काचा बदलणारा. बाकी काही नाही. पंक्चरवाला नाही, चहाची टपरी नाही, पत्ता विचारावा असं माणूस नाही. रात्री साडेआठला शेवटचा पेशंट संपवून मी त्या रस्त्यानं निघते तेव्हा मला भीती वाटते. मंडईत रात्री नवाच्या गर्दीत वाटत नाही. आत तीनशे कॅमेरे असले तरी मी बाहेर आहे, आणि बाहेर बघायला कुणी ठेवलेलंच नाही.

मी सहकारनगरात वाढले. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. त्यानंतर पर्वतीच्या पलीकडे पूरग्रस्तांच्या सोसायट्या उभ्या राहिल्या. सोसायट्या त्याही होत्या. सभासद, चेअरमन, वार्षिक सभा, भांडणं, सगळं होतं. पण कंपाउंड कमरेइतकं आणि मधले रस्ते सगळ्यांचे. तळजाईला निघालेला माणूस कुणाच्याही घरापुढून जायचा. कठड्यावर बसलेले आजोबा त्याला हटकायचे, “कुणाकडे?” हेच तेव्हाचं अ‍ॅप, आणि ‘सहज’ हे उत्तर त्याला चालायचं.

अर्थात पूर्वी सगळं खुलं होतं असं कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका. पेठेतल्या वाड्यांनाही दिंडी दरवाजा होता, रात्री अडसर पडायचा, आणि कोण ओसरीपर्यंत, कोण माजघरापर्यंत आणि कोण दाराबाहेरच, हे जातीवर ठरायचं. गेट पुण्याला नवं नाही. नवी आहे ती त्याची लांबी. वाड्याचं दार ओलांडून बाहेर आलं की लगेच बोळ, दुकान, देऊळ. इथे गेट ओलांडलं की पुढच्या गेटपर्यंत नुसती भिंत.

हे सगळं एका फिजिओनं का सांगावं? कारण माझा धंदा चालण्याचा आहे, आणि या संकुलातले पेशंट चालत नाहीत.

खरंच नाहीत. इतकी सुंदर वाट असून! ऑपरेशननंतर पहिले काही आठवडे उत्साह असतो. मुलगी फोनवर पावलं मोजते. मी बरोबर असते. मग मी आठवड्यातून दोनदाच यायला लागते आणि आजी सोफ्यावर बसतात. का हो, विचारलं तर म्हणतात, “गोल गोल काय फिरायचं? कोलूच्या बैलासारखं.” नारायण पेठेतल्या माझ्या दुसऱ्या आजींचं वय तेवढंच, ऑपरेशन तेच, गुडघा त्याहून वाईट. फूटपाथ खड्ड्यांचा. त्या मात्र काठी घेऊन रोज खाली. सकाळी दूध, मग मारुती, मग मुगाचं पीठ दळायचंय. वाटेत फुलवालीशी हुज्जत. गिरणीवर लाईन असली की टेकायला बाकडं. दिवसाकाठी त्या या आजींच्या तिप्पट चालतात आणि त्याला व्यायाम म्हणत नाहीत. मी त्यांना मैलभर चाला असं सांगितलं असतं तर त्यांनी मला हाकललं असतं.

संकुलातल्या आजींचं दूध दाराशी येतं, भाजी दाराशी येते, औषध दाराशी. हातगाडीला आत बंदी. शनिवारी क्लबहाऊसपाशी ‘शेतातून थेट’ भाजीचा स्टॉल लागतो. भाव पाटीवर लिहिलेला, पैसे क्यूआर कोडवर. आजी एकदा गेल्या, पुन्हा नाही. “घासाघीस नाही, काही नाही. भाजी कसली ती!” देऊळ आहे, छोटं, संगमरवरी. पण त्याला वेळ आहे आणि पुजाऱ्यालाही गेट पास. सगळं पायाशी आणून ठेवल्यावर पाय उचलायचा कशाला, हा त्यांचा सवाल आहे. मी मेडिकलचं पुस्तक उघडून त्याला उत्तर देऊ शकत नाही.

हौस मात्र दांडगी. दिवाळी पहाटेला कमिटीनं वासुदेव बोलावला होता. मोरपिसांची टोपी, चिपळ्या, सगळं. त्याचंही पाहुणा म्हणून नाव घातलं, ओटीपी आला, मगच तो दान पावलं म्हणायला आत गेला. मुलांनी सेल्फी घेतले. मला तो प्रकार आवडला, खोटं का बोलू. आजी त्या दिवशी खाली आल्या आणि चाळीस मिनिटं उभ्या राहिल्या, वॉकरशिवाय.

भिंत काय अडवते आणि काय नाही, याचं एक उदाहरण माझ्या कामातूनच देते. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात गीयाँ-बारे सिंड्रोमची साथ आली. पुणे परिसरात मिळून दोनशेच्या आसपास रुग्ण. पायांतून सुरू होणारी लुळेपणाची लाट, काहींना व्हेंटिलेटर लागला. संशय पाण्यावर होता. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू सापडला. नंतरचे कित्येक महिने आमच्या व्यवसायातल्या सगळ्यांकडे त्यातून उठणारी माणसं होती. बोटं हलवण्यापासून सुरुवात. त्यांत बैठ्या घरांतली होती, तशी गेटच्या आतलीही. तेव्हापासून मी या बालेवाडीच्या गेटवर एक गोष्ट बघते. उन्हाळ्यात टँकरची रांग लागते. टँकर आला की गार्ड फक्त गाडीचा नंबर लिहितो. माझा फोटो लागतो, आजोबांच्या बहिणीचा ओटीपी लागतो, पण दहा हजार लिटर पाणी कुठल्या विहिरीवरून आलं हे विचारायला अ‍ॅपमध्ये रकाना नाही.

सगळीच संकुलं अशी नाहीत. हडपसरला मगरपट्टा सिटीत माझे काही पेशंट होते. तिथे साधारण १२० शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे ४०० एकर जमीन एकत्र केली आणि स्वतःच कंपनी काढून शहर वसवलं. गेटं तिथेही आहेत. पण आत कचेऱ्या, शाळा, बाग, दुकानं असल्यामुळे दिवसभर माणसं येत-जात असतात. माझे तिथले एक काका रोज चालत वाचनालयात जायचे. आकारानं मोठं असून आत शिरल्यावर कोंडल्यासारखं वाटत नाही. बालेवाडीत एका संकुलात टॉवर, दुसऱ्यात टॉवर, आणि दोघांच्या मध्ये कुणाचंच काही नाही.

अपवाद आहे बाणेरच्या टेकडीचा. पहाटे तुकाईच्या वाटेवर गेलात तर सगळ्या गेटांतली माणसं तिथे दिसतात. झाडांना पाणी घालणारे, कुत्री फिरवणारे, पायऱ्या मोजणारे. गावठाणातली आजी आणि बाविसाव्या मजल्यावरचा इंजिनिअर एकाच दगडावर टेकलेले. माझ्या पेशंटना एवढी चढण जमत नाही, पण गुडघा बरा झाल्याची परीक्षा म्हणून मी ‘टेकडीचा पहिला बाक’ हेच लक्ष्य देते. आतल्या वाटेच्या वीस फेऱ्या असं सांगण्यापेक्षा ते पुष्कळ लागू पडतं. वाकडकडच्या एक काकू दोन महिन्यांत पोचल्या.

जे आई-वडिलांना आणायला अशा संकुलात घर बघतायत, त्यांच्यासाठी थोडं कामाचं. सेल्स ऑफिसमधली मुलगी तुम्हाला क्लबहाऊस दाखवील. तुम्ही मागचं गेट दाखवायला सांगा आणि ते किती ते किती उघडं असतं ते विचारा. पाहुण्याला परवानगी इंटरकॉमवरून देता येते का, का अ‍ॅपच लागतं, हे नक्की विचारा. आई-वडिलांकडे स्मार्टफोन असला तरी तो चष्म्याबरोबर दुसऱ्याच खोलीत असतो. रिक्षा दारापर्यंत येते का? अ‍ॅम्ब्युलन्स आली तर बॅरिअर कोण उचलतं आणि स्ट्रेचर मावेल अशी लिफ्ट कुठल्या टॉवरला आहे? चालायच्या वाटेवर टेकायला जागा किती अंतरावर आहेत, ते स्वतः चालून बघा. आणि गेटबाहेर दोनशे पावलांत वाणी, गिरणी, देऊळ, केस कापणारा, काहीतरी आहे का? नसेल तर माझा नंबर लागणार हे गृहीत धरा.

मी कमिटीला अर्ज दिला होता, आजोबांच्या सहीनं, कारण बाहेरच्यांचा अर्ज घेत नाहीत. मुख्य गेटवर खुर्ची ठेवली गेली आहे. रात्रपाळीला वापरतात, दिवसा अजून संकोच आहे. आजोबांच्या परवानगीसाठी आता गेटवरून थेट घरच्या फोनवर रिंग जाते. रिक्षाला ज्येष्ठांपुरती सूट दिलीय, रिक्षावाल्याचा परवाना गेटवर ठेवायचा. मागच्या गेटाचा विषय सप्टेंबरच्या वार्षिक सभेत घेऊ म्हणालेत. आजोबा सभेला जाणार आहेत, मुद्दे लिहून काढतायत. क्लबहाऊसचा हॉल त्यांच्या टॉवरपासून लांब आहे, म्हणून सध्या आम्ही तेवढ्या अंतराचा सराव करतोय.